दिसला का?

मंडळाच्या कार्यकारिणीच्या गेल्या बैठकीत यंदाच्या सहलीचा विषय निघाला आणि दहा मिनिटांत मार्गी लागला. मांडू झाले, ओंकारेश्वर झाले, सांची तर पाहुणे आले की घडतेच. तेव्हा यंदा वाघ. मढईला मुक्काम, सकाळी आणि दुपारी जिप्सीतून सफारी, परतताना नर्मदेच्या घाटावर चहा, असा कार्यक्रम मुक्रर झाला. आम्ही विरोध केला. तो इतिवृत्तात 'एका सभासदांनी काही शंका उपस्थित केल्या' एवढ्या एका ओळीत उरला आहे. इतिवृत्त लिहिणाऱ्यांविषयी आम्हांला आदर आहे. परंतु त्या शंका नव्हत्या, हरकती होत्या. चहा निवू लागल्यामुळे बैठकीत ज्या मांडता आल्या नाहीत, त्या येथे मांडण्याची मुभा संपादकांनी दिली आहे.

आम्ही स्वतः मढईला दोनदा जाऊन आलो आहोत, त्यामुळे पुढील मजकुरात आमचा कबुलीजबाबही आलाच. पहाटे देनवा नदीच्या पाण्यावर धुके असते. नावेतून पलीकडे जायचे, तेथे जिप्सी उभी असते, तीत सहा पर्यटक, एक गाइड आणि एक चालक. हिवाळ्यात अंगावर दोन शाली घेऊनही दात वाजतात. दुसऱ्या खेपेस आम्ही काय पाहिले त्याची यादी घरी आल्यावर केली होती, ती अजून आहे. सागाच्या पानगळीतून चालत गेलेला गव्यांचा कळप, पाठीवर पिल्लू घेऊन वारूळ उकरणारी अस्वलीण, पाण्याच्या काठी पाणमांजरांची धावपळ, एक शेकरू, पांढऱ्या खोडाचे कांडोळ, आणि वाटेच्या मऊ धुळीत उमटलेला वाघाच्या पंजाचा ताजा ठसा. त्या ठशाभोवती आम्ही पाऊण तास घिरट्या घातल्या. वाघ दिसला नाही. परतीच्या नावेत पुण्याहून आलेले आमचे एक आप्त म्हणाले, "एवढे पैसे भरून शेवटी म्हशीच पाहिल्या." गवा म्हणजे म्हैस नव्हे, हे सांगण्याचे त्राण आमच्यात नव्हते. खरे तर आमचेही मन त्या ठशातच अडकले होते. भोपाळला परतल्यावर शेजाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दिसला का?" आम्ही मान हलवली आणि विषय संपला. अस्वलिणीविषयी कोणी विचारले नाही, आणि आम्हीही सांगितले नाही.

आमची पहिली हरकत या प्रश्नालाच आहे. सातपुडा व्याघ्रप्रकल्प गाभा आणि बफर मिळून दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे. साग आणि साल हे मध्य भारताचे दोन मोठे वृक्षपरिवार जेथे एकमेकांना भेटतात ती ही भूमी. एवढ्या अरण्याचे मोल 'दिसला' किंवा 'नाही दिसला' यावर ठरवायचे? ग्रंथालयात जाऊन एकच पुस्तक मागावे, ते बाहेर गेले आहे असे कळताच ग्रंथालय भिकार असल्याचे जाहीर करून घरी यावे, तसलाच हा प्रकार. आणि साहित्याच्या नावाने मंडळ चालवणाऱ्यांनी तो करावा, हे अधिकच खटकते. मराठीत अरण्यावर लिहिणारी मोठी माणसे होऊन गेली. व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर' लिहिले ते वानरांवर. मारुती चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांचे निम्मे आयुष्य पक्ष्यांची आणि झाडांची नावे गोंड, माडिया, कोरकू लोकांना विचारून घेण्यात गेले. दुर्गाबाई भागवत मध्य प्रदेशाच्या रानांत आदिवासींमध्ये हिंडल्या आणि त्यापायी वर्षानुवर्षांचे आजारपण पत्करून बसल्या. यांपैकी कोणाच्याही लेखनात वाघ दिसला की नाही हा मुख्य मुद्दा नाही. त्यांच्यावर परिसंवाद भरवणारे आम्ही, आणि आमची सहल मात्र वाघ हमखास दाखवणारा गाइड शोधत निघते!

हा प्रश्न नुसता अरसिक आहे असे नव्हे, तो घातकही आहे. गाइडची बक्षिसी, चालकाचे नाव, हॉटेलची कीर्ती ही सर्व 'दिसला' या शब्दावर अवलंबून. म्हणून सांबराने भोंकले, वानराने खाकरून इशारा दिला, की दहा दिशांनी दहा जिप्सी एका वळणावर येऊन थडकतात. वाघाला रस्ता ओलांडायचा असतो, आम्हांला छायाचित्र हवे असते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात 'एफ-२' म्हणून ओळखली जाणारी वाघीण आणि तिचे पाच बछडे गाड्यांच्या मध्ये कोंडले गेले. चित्रफीत सर्वत्र फिरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइड यांच्यावर निलंबनाची आणि दंडाची कारवाई झाली. झाली ते योग्यच झाले. पण ती चित्रफीत ज्यांनी पाहिली असेल त्यांनी एकदा आठवून पाहावे: आपणही कधी मागच्या बाकावरून "अजून थोडी पुढे घ्या हो" असे म्हटले आहे की नाही? आम्ही म्हटले आहे. त्या आवाजाला कोणते न्यायालय दंड करणार?

शिकारीचा काळ गेला, आता निव्वळ दर्शन उरले, असे आम्हांला बैठकीत ऐकवण्यात आले. भोपाळकरांना शिकारीचा काळ सांगावा लागत नाही. येथून थोड्याच अंतरावर चिकलोदची कोठी आहे. नवाब हमीदुल्ला खान शिकारीच्या मोसमात तेथे मुक्काम करीत. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर अकराशेंहून अधिक वाघ सांगितले जातात. तेव्हाची रीत अशी होती: गावकऱ्यांनी ढोल बडवीत हाका करायचा, वाघ मचाणासमोर आणायचा आणि पाहुण्याने गोळी घालायची. वाघ 'मिळाला' की नाही यावर यजमानाची अब्रू ठरे. आता गावकरी जिप्सी हाकतो, वाघ समोर आणतो, पाहुणा कॅमेऱ्याची कळ दाबतो. पूर्वी कान्हा आणि बांधवगडला तर हत्तीवरचे माहूत वाघ बसवून ठेवीत आणि पर्यटकांना पाळीपाळीने नेऊन दाखवीत. त्याला 'टायगर शो' असेच म्हणत. वाघ मरत नाही हा फरक आहे, आणि तो लहान नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १ एप्रिल १९७३ रोजी सुरू झालेला व्याघ्रप्रकल्प यांचे ते श्रेय कोणी हिरावू नये. पण मचाणावरची नजर कायद्याने बदलली नाही. तीच नजर जिप्सीत येऊन बसली आहे.

यावर नेहमीचे उत्तर तयार असते: पर्यटकाच्या पैशावर जंगल जगते, आणि पर्यटकाच्या डोळ्यांपुढे चोरटा शिकारी धजत नाही. यातला पहिला अर्धा भाग आम्ही मान्य करतो. मढई आणि पेंचच्या परिसरात शेकडो घरांची चूल सफारीवर पेटते. गाइड म्हणून उभ्या राहिलेल्या आदिवासी मुली आम्ही स्वतः पाहिल्या आहेत. ही कमाई बंद करा असे म्हणण्याचे धाडस भोपाळच्या पक्क्या घरात बसून आम्ही करणार नाही. दुसरा अर्धा भाग मात्र खोटा आहे. राजस्थानातील सरिस्का हे दिल्ली-जयपूरच्या पर्यटकांचे आवडते ठिकाण. २००४-०५ मध्ये तेथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. आमच्याच प्रांतातील पन्नाला देशोदेशींचे पर्यटक येत. २००९ मध्ये पन्नाचाही शेवटचा वाघ गेला. पर्यटकांचे डोळे तेथेही होते, पण ते गाइडने बोट दाखवलेल्या दिशेला पाहत होते. पन्ना पुन्हा भरले ते वनरक्षकांच्या पायांवर. २००९ च्या मार्चपासून तेथे बांधवगड-कान्हाहून वाघिणी आणल्या. पेंचहून आणलेला नर त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पन्नातून निघाला आणि घराच्या ओढीने दक्षिणेकडे चालू लागला. वन कर्मचारी सुमारे महिनाभर शेतांतून, नद्यांतून त्याच्या मागे हिंडले आणि डिसेंबरात त्याला बेशुद्ध करून परत घेऊन आले. त्या माणसांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? वाघाचा क्रमांक मात्र ठाऊक असतो.

न्यायालयांनी या गोष्टीत हात घातला त्याचा आरंभही, वाचकांना कदाचित आठवत असेल, भोपाळमधूनच झाला. येथील एका कार्यकर्त्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०१२ रोजी गाभा क्षेत्रातील पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवले. मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर १६ ऑक्टोबरला ते पुन्हा सुरू झाले, आणि गाभ्याचा २० टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनाला देऊ नये अशी मर्यादा पडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने रात्रीच्या पर्यटनाला आणि गाभ्याच्या पर्यटन विभागांत मोबाइल वापरण्यालाही मनाई केली. ही सर्व बंधने स्वागतार्ह आहेत. पण न्यायालय टक्के ठरवू शकते, तास ठरवू शकते. हव्यास आमचा आहे, तो आम्हांलाच आवरावा लागणार.

आता जी हरकत आम्हांला सर्वांत जड वाटते ती. मढईच्या त्या सफारीत आमच्याबरोबर एक कोरकू तरुण गाइड होता. तीन तास त्याने आम्हांला रान दाखवले: अस्वलाने नखांनी ओरबाडलेले खोड, नीलगाय एकाच जागी पुनःपुन्हा टाकते तो लेंड्यांचा ढीग, मोहाच्या झाडाखाली आदल्या रात्रीची उकराउकर. शेवटी गाडीतून उतरताना त्याने हात जोडले आणि म्हणाला, "माफ कीजिए साहब, आज किस्मत नहीं थी." त्याने आमची क्षमा मागितली! आम्ही उदारपणे "कोई बात नहीं" म्हणालो आणि बक्षिसी नेहमीपेक्षा थोडी कमी दिली. हे लिहिताना आम्हांला लाज वाटते.

तो कोणाच्या जंगलात कोणाची क्षमा मागत होता? १८५७ नंतरच्या धामधुमीत तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात उतरले तेव्हा त्यांना साथ देणारा भभूतसिंह हा कोरकूंचा राजा. पुढे इंग्रजांनी त्याला संपवले, आणि १८६५ मध्ये बोरीचे जंगल राखीव केले. देशातील पहिले राखीव जंगल म्हणून त्याचा गौरवाने उल्लेख होतो. राखीव कोणासाठी आणि कोणापासून, हा प्रश्न गौरवात विचारला जात नाही. कॅप्टन फॉर्सिथने पचमढीवर 'बायसन लॉज' बांधले आणि १८७१ साली त्याचे मध्य भारताच्या डोंगरांवरील पुस्तक निघाले. आपण पचमढीला गेलो की ते घर पाहतो. ज्यांच्या पायवाटांनी तो वर चढला त्या लोकांचे पुढे काय झाले, याची पाटी तेथे नाही.

स्वातंत्र्यानंतर तवा नदीवर धरण झाले, त्यात चव्वेचाळीस गावे गेली. इटारसीच्या दारूगोळा चाचणीक्षेत्रासाठी आणखी गावे उठली. धरणाच्या पाण्यावर विस्थापितांनी लढून मासेमारीचा हक्क मिळवला आणि १९९६ पासून तवा मत्स्य संघ या स्वतःच्या सहकारी संस्थेमार्फत तो व्यवसाय नीट चालवून दाखवला. तवाचे मासे दूरच्या बाजारांत जात. २००६ च्या अखेरीस तो करार संपला आणि पुढे नूतनीकरण झाले नाही. कारण सांगितले गेले ते असे की, जलाशयाचा काही भाग सातपुडा राष्ट्रीय उद्यानात येतो. त्याच सुमारास उद्यानाच्या आतल्या गावांचे पुनर्वसन वेगाने सुरू झाले. बोरी, चूरना ही गावे बाहेर आली. ज्यांची बापजाद्यांची शेते धरणात गेली, ज्यांची जाळी पाण्याबाहेर काढली गेली, ज्यांची घरे वाघासाठी हलली, त्यांच्या मोकळ्या झालेल्या माळांवर आज गवत उगवते, हरणे चरतात आणि आमची जिप्सी 'वाह, काय दृश्य आहे!' म्हणत थांबते. मेळघाटातील कोरकूंची कथा याहून फार निराळी नाही. ती मराठी वर्तमानपत्रांत येते म्हणून आपल्याला थोडी ठाऊक असते, इतकेच.

वाघाला निवांत, माणूसविरहित गाभा लागतो, हे शास्त्र आम्ही नाकारीत नाही. गावे उठवल्यावर कुरणे सुधारली आणि चितळांची संख्या वाढली, हेही खरे. काही कुटुंबे शाळेजवळ, रस्त्याजवळ आली याचा त्यांना आनंद आहे, असेही आम्ही ऐकले आहे. पण मग तो गाभा खरोखर माणूसविरहित असावा. कोरकूच्या बैलाने वाघाची शांतता भंगते आणि आमच्या चारचाकीने भंगत नाही, हे कोणते शास्त्र? आम्ही सहा जण बसून आत जातो आणि जो तेथला होता तो गाइडचा गणवेश घालून, त्याच्याच रानात वाघ न दिसल्याबद्दल, हात जोडतो. साहित्य मंडळाने या व्यवहाराचे तिकीट सहलीच्या वर्गणीतून काढावे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

जो वाघ आम्ही पैसे भरून पाहायला जातो त्याच वाघाला आम्ही घराजवळ मात्र सहन करीत नाही. भोपाळचे वेगळेपण हे की वाघ पाहायला शहराबाहेर फार दूर जावेच लागत नाही. केरवा आणि कलियासोतच्या बाजूला वाघ राहतात, वाघिणी तेथे पिल्ले देतात, वन विभागाचे कॅमेरे त्यांच्या तसबिरी घेतात. २०२२ च्या ऑक्टोबरात मॅनिटच्या आवारात वाघ आला. त्याला पकडून सातपुड्यात सोडले. त्या पंधरवड्यात आपल्या मंडळाच्या सभासदांमध्ये काय बोलणे चालले होते ते आम्हांला नीट आठवते. "पकडून न्या एकदाचे", "मुलांनी फिरायला जायचे कसे", "सरकार झोपले आहे काय?" यांतील एक गृहस्थ दर वर्षी बांधवगडला जाऊन वाघांची छायाचित्रे काढतात आणि दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर छापतात. भीती खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. वसतिगृहाच्या मागे वाघ असणे ही भिण्याचीच गोष्ट आहे. परंतु केरव्याच्या रस्त्याला टेकड्यांवर बंगले कोणी बांधले? जंगलाच्या कडेला भूखंड घेताना जाहिरातीतली 'निसर्गाच्या कुशीत' ही ओळ वाचून कोण भुलले? वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी त्याची देवळी गावाच्या वेशीवर बांधली, आत नव्हे, आणि वेशीपलीकडचे रान त्याला दिले. नाशिक-ठाण्याच्या आदिवासी पाड्यांवर आजही वाघबारस होते. गोंड-कोरकूंचा बाघदेव तोच. त्यांनी वाघाला पूजले, भ्याले, गुरे गमावली, कधी माणसेही गमावली, आणि तरी त्याच्या शेजारी राहिले. शेजारी राहणे आपल्याला जमत नाही. आपल्याला तो फक्त सुटीत हवा असतो.

शेजाराची किंमत कोण देते, हेही पाहावे. २०२५ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ तेंदूची पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. जानेवारी २०२२ मध्ये पेंचची 'कॉलरवाली' वाघीण वारली, एकोणतीस बछड्यांची आई, तेव्हा देशभर हळहळ झाली, तिच्यावर फुले वाहून अंत्यसंस्कार झाले. ती हळहळ खरी होती, आम्हीही हळहळलो. त्या तीन स्त्रियांची बातमी आम्ही वाचली आणि पान उलटले. उन्हाळ्याच्या भर उन्हात पानांच्या पुड्यांसाठी त्या रानात का जातात, हे आमच्यापैकी कोणी विचारले नाही.

मध्य प्रदेशात २०१० च्या गणनेत २५७ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ७८५. देशात सर्वाधिक. 'व्याघ्रप्रदेश' म्हणून आपण मिरवतो, मिरवावे. पण हे वाढलेले वाघ जाणार कोठे? ते रातापानीतून भोपाळकडे येतात, बुधनीच्या घाटाकडे जातात, आणि मध्ये इटारसीचा लोहमार्ग असतो. जुलै २०२४ मध्ये मिडघाटजवळ तीन बछडे गाडीखाली आले. एक जागीच गेला, दोघांना एका डब्याच्या खास गाडीने भोपाळला आणून वन विहारात उपचारांसाठी नेले. त्या मार्गाने आपण नागपूरला, पुण्याला, मुंबईला जातो. पावसाळ्यात घाटातली हिरवळ पाहायला खिडकीची जागा मिळावी म्हणून आम्ही स्वतः आरक्षण लवकर करतो. अंधाऱ्या घाटात गाडीचा वेग कमी ठेवा, वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग वाढवा, म्हणून आपल्या मंडळाने एक तरी निवेदन दिले आहे काय? सफारीसाठी आगाऊ आरक्षण कसे करावे यावर मात्र बैठकीत पंधरा मिनिटे चर्चा झाली. गाभा ३० जूनपर्यंतच उघडा, बुधवारी दुपारची फेरी नसते, ओळखपत्र हवे. सर्व काही सर्वांना तोंडपाठ.

आणि आता रातापानी. हे अभयारण्य १९७६ सालचे. त्याला व्याघ्रप्रकल्प करण्यास तत्त्वतः मान्यता मिळाली २००८ मध्ये. अधिसूचना निघाली २ डिसेंबर २०२४ रोजी. सोळा वर्षे फाइल फिरली, आणि आता ७६३ चौरस किलोमीटरचा गाभा व ५०७ चा बफर मिळून हा प्रांताचा आठवा व्याघ्रप्रकल्प झाला. झिरी, देलावाडी, दांतखो अशी आतली नऊ गावे गाभ्यातून वगळून बफरमध्ये ठेवली आहेत, ही एक बरी गोष्ट. आणि प्रकल्पाला नाव दिले आहे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांचे. मंडळात पेढे वाटले गेले, ते आम्हीही खाल्ले. मराठी माणसाचे नाव वाघांच्या रानाला! पण पेढा खाऊन झाल्यावर एक प्रश्न मनात राहिला: हरिभाऊंनी हे रान कसे पाहिले होते?

नीमचला जन्मलेला, उज्जैनला कला शिकवणारा हा माणूस १९५७ च्या सुमारास आगगाडीने भोपाळकडे येत होता. खिडकीतून दूरच्या टेकडीवरचे खडक दिसले, त्यांचा आकार ओळखीचा वाटला, आणि तो गाडीतून उतरून चालत तेथे गेला. सारी आख्यायिका एवढीच. पुढची वर्षानुवर्षे तो त्या रानात चालला, खडकांच्या ओसऱ्यांत निजला, एकेक चित्र कागदावर उतरवून घेतले. भीमबेटका जगाला ठाऊक झाले ते त्या पायपिटीमुळे. २००३ मध्ये ते जागतिक वारसा ठरले. तेथील ज्या खडकाला 'झू रॉक' म्हणतात त्याच्यावर हत्ती, सांबर, गवे, हरणे एकावर एक अशी दाटली आहेत की, कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे हे कळायला तज्ज्ञ लागतो. ज्यांनी ती काढली त्यांनी ही जनावरे पाहिली होती, मारली होती, त्यांना भ्यालेही होते. त्यांच्या दृष्टीने गवा म्हणजे वाघ न दिसल्याची भरपाई नव्हती.

त्या माणसाच्या नावाच्या रानात आपण जिप्सीत बसून 'दिसला का' विचारीत फिरणार असू, तर ते नाव पाटीवरून काढलेले बरे. (हे वाक्य काहींना लागेल. लागावे.) नवा प्रकल्प आहे, येथल्या पर्यटनाची रीत अजून पक्की व्हायची आहे. ती कान्हा-बांधवगडसारखी होऊ नये, ही गोष्ट भोपाळच्या नागरिकांच्या हातात आजच आहे. दहा वर्षांनी हॉटेले उभी राहिल्यावर ती कोणाच्याच हातात राहणार नाही. आत रस्ते मोजके असावेत, गाड्या कमी असाव्यात, चालण्याला आणि पक्षी-झाडे पाहण्याला वाव असावा, आतल्या नऊ गावांच्या लोकांना नोकर म्हणून नव्हे तर जाणते म्हणून उभे करावे. असे निवेदन वन विभागाला देणे हे मराठी साहित्य मंडळाचे काम नाही, असे कोणी म्हणेल. वाकणकरांच्या नावाचे पेढे वाटणे ज्या मंडळाचे काम असते, त्याचे हेही आहे.

सहलीबाबत आमची सूचना पुढीलप्रमाणे. मढईचे आरक्षण अद्याप झालेले नाही, असे कोषाध्यक्षांकडून कळते. ते करू नये. त्याऐवजी एक दिवस भीमबेटका, पण नेहमीसारखे पंधरा ओसऱ्या पाहून उपाहारगृहात नव्हे. सकाळी लवकर पोचून, भारतीय पुरातत्त्व खात्याने आखलेल्या वाटेने सावकाश चालत, ज्यांना चित्रांतले कळते अशा कोणाला तरी बरोबर घेऊन. दुसऱ्या दिवशी देलावाडीला मुक्काम, आणि तेथल्या कोणा गावकऱ्याने दाखवाल त्या रानात पायी. गिन्नोरगडचा गोंडांचा किल्ला त्याच बाजूस आहे. ज्यांच्या नावाच्या स्थानकातून आपण गाडी पकडतो त्या राणी कमलापतींच्या सासरचा तो गड किती भोपाळकरांनी पाहिला आहे? ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी बस थांबलेली राहील. त्यांत लवकरच आमचाही समावेश होईल, तेव्हा ही सोय आम्ही स्वार्थानेही मागत आहोत. गावकऱ्याला त्या दिवसाची मजुरी सफारीच्या गाइडइतकी द्यावी, आणि संध्याकाळी त्याने काय दाखवले ते कोणीतरी लिहून पुढच्या अंकाला द्यावे.

बसचे भाडे आम्ही विचारून ठेवले आहे. मढईच्या निम्म्याहून कमी पडते. पुढची बैठक महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आहे. आमची हरकत या वेळी लेखी दिली असून, ती इतिवृत्तात पूर्ण घ्यावी अशी विनंती केली आहे.